आधी फसलेलं, मग चहा

मदन महल, जबलपूर
१३ जानेवारी २०२५

विनता,

आज सकाळी प्रार्थना संपल्यावर दुर्वाने माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि कारण विचारल्यावर तुझं नाव सांगितलं, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी लिहिलं नसतं. तू शाळा सोडून पुण्याला गेल्यापासून आपला पत्रव्यवहार नाही आणि त्यावाचून दोघींचंही काही अडलेलं नाही.

फोन करता आला असता. तुझा नंबर शाळेतल्या अनुपमकडे आहे. पण फोनवर तू मला हसवतेस आणि मुद्दा बाजूला राहतो.

दुर्वा खानझोडे तुला माहीत नाही, ती तुझ्यानंतर आली. वडील इथल्या सरकारी फॅक्टरीत होते, घर गोहलपूरच्या बाजूला. चौथीला गणित शिकवते. मराठी सगळं समजतं, बोलताना हिंदीत घसरते. ती वर्गात उभी राहिली की मुलं तिच्याकडे बघतात, दाराकडे नाही. हे शिकवून येत नाही, तुला ठाऊक आहे.

तर झालं असं. शाळेच्या समितीचे नवे सचिव चंद्रशेखरजी यांनी तुमच्या पुण्याच्या कंपनीचा व्हिडिओ-कोर्स घेतला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तास भरायला हवेत, प्रमाणपत्रं फाइलला लागायला हवीत. गृहस्थ आयुष्यभर फॅक्टरीत माल तपासायच्या विभागात होते, त्यांना प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो. त्यात काही गैर नाही. गैर हे, की त्यासाठी त्यांनी शनिवारचा शेवटचा तास घेतला. आपला तास.

तू विसरली असशील म्हणून लिहिते. त्या तासाला शिकवण्याबद्दलचा एखादा लेख नाहीतर पुस्तकातलं एखादं प्रकरण वाचायचं. आठवडाभर ते आपापल्या वर्गात करून पाहायचं. आणि पुढच्या शनिवारी बसल्यावर प्रत्येकाने आधी काय फसलं ते सांगायचं. साधलेलं नंतर. जो फसलेलं सांगणार नाही त्याला चहा नाही. हा नियम माझा नव्हता, तुझा होता. मला तेव्हा तो पोरकट वाटला होता.

चार तारखेला किटलीच्या जागी प्रोजेक्टर आला आणि भिंतीवर तू. केस चांगले कापले आहेस. अपूर्णांक जलेबीवर कसे शिकवले, ते तू सांगितलंस. सराफ्यातून खोव्याच्या जलेब्या आणल्या, मुलांनी त्या अर्ध्या केल्या, पाव केल्या, आणि तास संपेपर्यंत सगळ्या वर्गाला अपूर्णांक समजला. असं म्हणून तू हसलीस.

विनता, त्या वर्गात मागच्या बाकावर मी बसले होते.

जलेबी अर्धी होत नाही. हातात घेतली की तुटते, एका तुकड्यात दोन वेढे येतात, दुसऱ्यात एक आणि वर पाक. मुलं भांडायला लागली. "मॅडम, मेरे को बड़ा वाला आधा." अख्खा वर्ग मोठा अर्धा मागत होता. फळ्याला पाक लागला, गांधीलमाशा आल्या, आणि तू खुर्चीवर बसून राहिलीस. त्या शनिवारी तू काय म्हणालीस ते मला आजही आठवतं. "हेमाताई, मी आज मुलांना शिकवून आले की अर्धं दोन मापांत मिळतं." त्यावर आपण पुढचे कित्येक शनिवार वाचत बसलो. मुलांच्या तोंडी 'अर्धा' हा शब्द आधी येतो आणि 'सारखे भाग' ही समज फार नंतर, हे मला तुझ्या त्या फसलेल्या तासाने शिकवलं. बी.एड.ने नव्हे.

दुर्वाने गेल्या आठवड्यात तू भिंतीवर सांगितलंस तसं केलं. स्वतः जाऊन जलेब्या आणल्या. तुझं झालं तेच तिचं झालं, वर एका मुलाने दुसऱ्याच्या वहीत जलेबी मिटवून ठेवली. शनिवारी ती सांगायला म्हणून आली, तर भिंतीवर तुझा पुढचा भाग चालू होता. अंधार केलेला. बोलायला कोणाला जागाच नव्हती. आणि आज हा राजीनामा.

मी विचारलं, "एक तास बिघडला म्हणून कोणी नोकरी सोडतं का?"

"एका तासाचं नाही मॅडम. त्या मॅडमचं झालं, माझं नाही झालं. सेम जलेबी होती. मतलब कमी माझ्यातच आहे न." मग म्हणाली, "बँकेची तयारी करून राहिली मी. तिथे काउंटरच्या पलीकडे मुलं नसतात."

नियमाप्रमाणे तो कागद मुख्याध्यापिका म्हणून मी सचिवांकडे पाठवायचा. फेब्रुवारी संपायच्या आत पोचला की नव्या सत्रापासून ती मोकळी. सध्या तो माझ्या खणात आहे.

तू तिला पत्र लिहावंस. जसं झालं तसं. एवढंच मागणं आहे. उत्तराची वाट पाहते.

हेमलता

ता. क. आपल्या शनिवारच्या पुस्तकांच्या कपाटाची दुसरी किल्ली तुझ्याकडे राहिली आहे. मला तिची गरज नाही. सहज आठवलं.


मदन महल, जबलपूर
१९ जानेवारी

विनता,

उत्तर नाही. पत्र तुझ्या हाती पडल्याचं पोस्टाने मला कळवलं आहे. उत्तर येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते का जमलं नाही, ते पुढे लिहिते.

तास गेला म्हणून वाचन थांबलेलं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या गच्चीवर उन्हात बसतो. मी, अनुपम, आणि ज्याला सवड असेल तो. अनुपम तुला आठवेल, तुझ्या शेवटच्या वर्षी विज्ञानाला आला होता, तेव्हा बारीक होता. किटली वर नेणं जमत नाही, म्हणून थर्मास.

या आठवड्याचा लेख प्रश्नांबद्दलचा होता. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबत नाही. पहिला हात वर येईल त्याला उभं करतो, नाहीतर स्वतःच सांगून टाकतो. तोच थोडा जास्त वेळ गप्प राहिला, तर जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलू लागतात. लेख वाचून मी म्हटलं, यात नवीन काय आहे. दुसऱ्या दिवशी पाचवीत करून पाहिलं.

नर्मदेतले गोटे गोल का असतात, असं विचारलं आणि गप्प उभी राहिले. कोणी बोलेना. खिडकी करकरली. पुढच्या बाकावरच्या मुलाने आवंढा गिळला. मला वाटलं मुलांना वाटत असेल बाईंना बरं नाही. मग मीच सांगितलं. सगळं सांगितलं, पाण्याचा वेग, दगड दगडावर घासणं, वाळू. घंटा झाली.

गच्चीवर फसलेलं सांगायची वेळ आली तेव्हा हे सांगितलं. अनुपम म्हणाला, "मॅडम, तुम्ही रिक्षावाल्याला तरी कुठे बोलू देता? मी ऐकून राहिलो न रोज गेटवर. 'मदन महल जाओगे? जाओगे. बैठो.'"

सगळे हसले. मी त्याला अर्धा कप चहा कमी दिला.

दुर्वा गच्चीवर येत नाही. वर्गात बसून वह्या तपासते. परवा मी तिच्यासाठी खाली कप पाठवला, तो तसाच भरलेला परत आला. निरोप असा, की मी काही सांगितलं नाही, मग चहा कसा घेऊ. सोडून जाणारी मुलगी नियम पाळते, हे बघून मला बरं वाटलं आणि रागही आला.

मार्चअखेर मी निवृत्त होते. हे तुला माहीत असेल. त्याचं मला काही वाटत नाही, घर चांगलं आहे, टेकडीकडचा वारा येतो, गुडघे ऐकतात. पण तो तास कोणाच्या हाती द्यायचा हे ठरलेलं होतं. दुर्वाच्या. ती गेली की पडदा भिंतीला कायमचा ठोकला जाईल. अनुपमला विचारलं, तो म्हणाला, "मला चहा पिता येतो मॅडम, तास चालवता येत नाही." खरं बोलतो हा त्याचा एक गुण आहे.

म्हणजे तुझं एक पत्र आलं तर तास राहतो, नाही आलं तर जातो. याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही.

हेमलता

ता. क. तुझ्या निरोपाला मी आले नाही ते पेपर तपासायचे होते म्हणून. विषय निघाला म्हणून लिहिलं.


मदन महल, जबलपूर
२ फेब्रुवारी

प्रिय विनता,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली पहिली दोन माझ्यावर. ती वाचली. तिसऱ्या पानापासून उत्तर देते.

तू लिहितेस की चित्रीकरणाच्या वेळी पहिल्यांदा तू खरं तेच सांगितलं होतंस. माशा, पाक, मोठा अर्धा, सगळं. कॅमेऱ्यामागचा तरुण म्हणाला, "मॅडम, मस्त आहे, फक्त शेवट जरा पॉझिटिव्ह करू या." दुसऱ्यांदा सांगताना माशा गेल्या. मग भांडण गेलं. मग पाक. आणि पुढे तू लिहितेस, "हेमाताई, शेवटी शेवटी मला तो वर्ग खरंच तसा दिसायला लागला. मुलं शहाण्यासारखी बसलेली. कॅमेरा बंद झाल्यावर मी त्या मुलाला म्हटलं, काय सुंदर तास झाला होता तो."

हे मी दोनदा वाचलं. तुझ्यावर रागवायचं म्हणून चष्मा लावून बसले होते, ते राहिलं. मी इतकी वर्षं शिकवण्याबद्दल वाचते आहे, पण वर्ग सुटल्यावर 'काय फसलं' असं विचारणारं माणूसही सुटतं, हे कुठे वाचलं नव्हतं. दुसऱ्याने विचारल्याशिवाय स्वतःचं फसलेलं टिकत नाही, त्याचं आपोआप साधलेलं होतं. मार्चनंतर मलाही कोणी विचारणार नाही. तेव्हा नर्मदेच्या गोट्यांचा तास मी कसा सांगत फिरेन, देव जाणे.

दुर्वाला लेखी काही देता येणार नाही, कंपनी विचारेल, असं तू म्हणतेस. ठीक आहे. लेखी नको. पंधरा तारखेला शनिवार आहे. शेवटच्या तासाला फोनवर ये, चित्रासकट. सगळ्यांसमोर बोल. नियम तोच.

तो एक तास परत मिळवायला मी चंद्रशेखरजींकडे गेले होते. ते समितीच्या ऑफिसात बारा महिने पंखा बंद करून बसतात, फाइली उडतात म्हणून.

"हेमलताजी, कोर्स घेतला आहे तर वापरला पाहिजे न," म्हणाले.

"वापरतेच आहे. त्याच कोर्समधल्या बाई स्वतः बोलणार आहेत."

"अच्छा, लाइव्ह? मग त्याचं वेगळं काही द्यावं लागत असेल."

"चहा द्यावा लागतो."

मी विनोद करत नाही असा माझा लौकिक आहे, त्यामुळे त्यांनी तो नियम म्हणून लिहून घेतला. मग म्हणाले, "चलो, मग मी पण येऊन बसतो. काय चालते त्या तासात ते मला एकदा पाहायचं होतं." म्हटलं, या. पुढचं त्यांना सांगितलं नाही.

माझा निरोप डिसेंबरात होता, तेव्हा कसले पेपर, असं तू विचारलं आहेस. सहामाहीचे. काही गठ्ठे उशिरा येतात.

पंधरा तारीख विसरू नकोस. विसरलीस तर मी परत लिहीन.

हेमलता


मदन महल, जबलपूर
१६ फेब्रुवारी

प्रिय विनता,

काल तुझा फोन मध्येच तुटला आणि मग लागला नाही. आम्ही ठेवला असं तुला वाटेल. ठेवला नाही. अनुपमने सकाळपासून क्रिकेट बघून त्याच्या फोनची बॅटरी संपवली होती. त्यामुळे तुला पुढचं कळलं नाही, ते लिहिते.

फोनसकट तू किटलीला टेकलेली होतीस, हे तुला तिकडून दिसलं नसेल. नमस्कार-चमत्कार न करता "माझं फसलेलं, दोन आहेत" असं तू सुरू केलंस, तेव्हा चंद्रशेखरजींनी वही उघडली आणि लगेच मिटली. एक, तो तास फसला. दोन, तो फसला नाही असं मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आधी एवढं, आणि मग तू तो तास सांगायला लागलीस.

दुर्वा दाराशी होती. मी तिला हजेरीपट घेऊन यायला सांगितलं होतं, आणि आल्यावर थांब म्हटलं होतं. हजेरीपटाची मला गरज नव्हती. गांधीलमाशांपर्यंत ती दाराला टेकून होती. तू "मेरे को बड़ा वाला आधा" असं त्या मुलांच्या आवाजात म्हणालीस, तेव्हा तिच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने हजेरीपट तोंडासमोर धरला. राहिलेल्या जलेब्या तू मदन महल स्टेशनच्या बाकावर बसून एकटीने संपवल्यास, हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा विचारलं होतं, तर तू म्हणालीस मुलांना वाटल्या.

दुर्वा तुला काही विचारायला पुढे आली आणि त्याच क्षणी तू काळी पडलीस. मग तिने मला विचारलं.

"मॅडम, या त्याच मॅडम आहेत? भिंतीवरच्या?"

"त्याच."

"यांच्याकडे पण माशा आल्या?"

"गांधीलमाशा. तुझ्याकडे साध्या आल्या. तुझं बरं झालं."

ती बाकावर बसली. कोणी सांगायला लावलं नाही, स्वतः बोलायला लागली. तिचा तास सगळा सांगितला, वहीतल्या जलेबीसकट. आणि शेवटी जे बोलली ते तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिते.

"मी घरी जाऊन खूप विचार केला मॅडम. मुलं गलत नव्हती. त्यांच्या घरी अर्धं असंच असते. मोठ्या भावाला मोठं अर्धं, बहिणीला छोटं अर्धं. आमच्याकडे पण असंच होतं. मम्मी म्हणायची, दोघांना आधा-आधा दिलं. तर मुलांनी घरचंच सांगितलं न मला."

विनता, आपण त्या जलेबीवर किती वाचलं. किती बोललो. घराचा विचार एकदाही आपल्या मनात आला नाही. मी उठून तिचा चहा ओतला, कारण त्या वेळी मला काहीतरी हाताने करायला हवं होतं.

चंद्रशेखरजींनीही कप पुढे केला. अनुपम म्हणाला, "सर, आधी फसलेलं."

"अरे, मी शिक्षक नाही बाबा."

"काहून? तासाला बसले न तुम्ही. बसला त्याला लागू आहे."

सचिवांना असं बोलतात का, असं मी म्हणणार होते, पण त्यांनी कप खाली ठेवला. घसा साफ केला. "हा कोर्स," म्हणाले, "मी न बघता घेतला." पुढे म्हणाले, "फॅक्टरीत नापास झालेला पीस आम्ही वेगळ्या टेबलावर ठेवायचो. सगळे येऊन बघायचे, काहून नापास झाला. पास झालेल्याकडे कोण बघते?" मग माझ्याकडे वळून, "तसं टेबल आहे का हे?"

मी म्हटलं, "तसंच."

चहा प्याले. निघताना म्हणाले, व्हिडिओ ज्याचे त्याने घरी फोनवर बघा, प्रमाणपत्रापुरते. शनिवारचा तास शनिवारच्या तासाला. मी म्हटलं, लेखी द्या. सोमवारी देतो म्हणाले. कागदावर विश्वास असणारी माणसं या बाबतीत चांगली असतात.

राजीनाम्याबद्दल दुर्वा काही बोलली नाही. मीही नाही. तो अजून खणात आहे आणि निम्मा महिना गेला आहे. तास मिळाला, पण तो चालवणारी राहते की जाते हे मला माहीत नाही. मी विचारणार नाही. लेखात सांगितल्याप्रमाणे थांबणार आहे. बघू किती जमतं.

तू चांगलं बोललीस. आवाज थोडा बसल्यासारखा वाटला, आल्याचा काढा घे.

हेमलता


मदन महल, जबलपूर
३० मार्च, पाडवा

प्रिय विनता,

सकाळी गच्चीत गुढी उभी केली. शेजारच्या मिश्राबाई दर वर्षीप्रमाणे विचारायला आल्या की दीदी, यह लोटा उल्टा क्यों है, आणि मी दर वर्षीप्रमाणे सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. म्हटलं, तुम्हीच सांगा, का असेल. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, ताकि बंदर उसमें कुछ ढूँढ़ने न आएँ. माझ्या उत्तरापेक्षा हे बरं आहे.

उशीर झाला लिहायला. तुझी दोन पत्रं आली, पावती म्हणून हे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी शाळा सुटताना दुर्वा माझ्या खोलीत आली. उभीच राहिली.

"मॅडम, तो कागद पुढे गेला का?"

"कोणता?"

"राजीनामा."

"वाचायचा राहिला. नंबर वाढला आहे, चष्मा बदलायचा आहे."

त्या वेळी मी खरोखर थांबले. काहीही सुचवलं नाही. वरचा पंखा तेवढा आवाज करत होता. मग ती म्हणाली, "मग इतक्यात नका बदलू चष्मा," आणि गेली. मी दार लावून घेतलं आणि पाणी प्यायले.

मार्चमध्ये तिने मला तिच्या वर्गात बसायला बोलावलं. या वेळी जलेबी नव्हती. तिने मुलांना विचारलं, "घर में भैया को बड़ा वाला आधा मिलता है. तो वो आधा है क्या?" आणि गप्प झाली. मी मागच्या बाकावर होते. उत्तर माझ्या जिभेवर आलेलं होतं, मी पुढे वाकलेही होते. दुर्वाने मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे एकदाच पाहिलं. या शाळेत मला डोळ्यांनी गप्प बसवणारं आजवर कोणी नव्हतं. मी मागे टेकून बसले.

आणि समिधा नावाची एक मुलगी आहे, वर्षभरात 'प्रेझेंट मॅडम'पलीकडे तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "वो आधा नहीं है मैडम. वो ज़्यादा है. और जिसको छोटा मिला, उसका भी आधा नहीं है."

मग दुर्वाने कागदाच्या पट्ट्या वाटल्या, घडी घालायला. तोवर वर्ग तयार झाला होता. तास संपला तेव्हा तो पूर्ण झालेला नव्हता, तीन-चार मुलांच्या घड्या वाकड्याच होत्या, आणि दुर्वाने शनिवारी आधी तेच सांगितलं. तू हे कुठे सांगशील तर वाकड्या घड्या धरून सांग.

काल माझा शेवटचा शनिवार झाला. भाषण मी करू दिलं नाही. अनुपमने हार आणला होता, तो किटलीला घातला. मी फसलेलं सांगितलं. दुर्वाच्या वर्गात पुढे वाकले होते ते. सगळ्यांना चहा मिळाला. पुढच्या आठवड्याचा लेख दुर्वाने निवडला आहे, कपाटातला नाही, फोनवरून छापून आणलेला. मला तो ठीक वाटला नाही. तसं मी सांगितलं, आणि ती म्हणाली, "करून बघू न मॅडम, मग सांगते तुम्हाला." ही पद्धत बरोबर आहे.

घरी आल्यावर झोप चांगली लागली. मला वाटलं होतं लागणार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी, दुर्वा मोठा तास घेणार आहे. मला मागच्या बाकावर बसायला बोलावलं आहे, गप्प राहायच्या अटीवर. त्या बाकावर दोघी मावतात. तू येशील का?

याच्या पुढचं वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. विचारलं आहे, आता थांबते.

तुझी
हेमाताई

सोबत, काल शाळेत दिलं-घेतलं त्याची प्रत. देणार मी, घेणार दुर्वा खानझोडे, साक्षीला अनुपम.

शनिवारचा शेवटचा तास, सचिवांच्या सहीच्या पत्रासह.

लाकडी कपाट, आतल्या पुस्तकांसह आणि लेखांच्या फाइलींसह. खालच्या कप्प्याला वाळवी लागली होती, ती पुस्तकं उन्हात ठेवून वेगळी बांधली आहेत. ती आधी वाचून घ्यावीत.

किटली, हारासकट. मूठ तापते, फडकं सोबत दिलं आहे.

प्रोजेक्टर दिला नाही. तो समितीचा.

राजीनामा एक, पुढे न पाठवलेला, जिचा तिला परत. तिने घडी करून किटलीखाली ठेवला. टेबलावर डाग पडत होते.

कपाटाची किल्ली एक. दुसरी विनता देवपुजारी यांच्याकडे, पुण्यात. हरवली असं समजू नये.